काचेतला समुद्र आणि खारपाणपट्टा

वऱ्हाडाला समुद्र नाही, तरी खाऱ्या पाण्याचे दुःख वऱ्हाडाइतके कोकणालाही ठाऊक नसेल. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. त्यातील शेकडो गावांत विहीर खणली तर पाणी लागते. पण ते ना पिण्याच्या कामाचे, ना ओलिताच्या. अशा या मुलखात, अकोल्यातील आमच्या धर्मग्रामातल्या एका घरी काचेच्या पेटीत समुद्र मांडला आहे असे कळले, तेव्हा आम्हांस प्रथम हसू आले. घरभेटीच्या वेळी तो पाहिला आणि हसू मावळले. कारण त्या समुद्रापायी घरात आजी आणि नातू यांचा अबोला चालू होता.

पेटी दोनशे लिटरांची. नातू महाविद्यालयात शिकतो. शिकवण्या करून जमविलेल्या पैशांतून त्याने ती उभी केली. आत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे, दगडांचा लहानसा डोंगर आणि त्यावर डोलणारे मऊ प्रवाळ. (खडक बांधणारे कठीण प्रवाळ २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आपल्या समुद्रातून ते काढून घरी आणणे हा गुन्हा होय. मुलाला हे ठाऊक होते, याचे आम्हांस समाधान वाटले.) समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे या पेटीला सात किलो मीठ, आणि तेही स्वयंपाकाचे नव्हे, मुद्दाम बनविलेले. मीठ मिसळण्यापूर्वीचे पाणी मात्र निर्मळ हवे, म्हणून आर. ओ.चे यंत्र. आधी पाण्यातले क्षार काढावयाचे आणि मग विकतचे क्षार त्यात घालावयाचे! शिवाय त्या घरच्या यंत्रातून एक लिटर शुद्ध पाणी निघे, तेव्हा तीन लिटर मोरीत जाई.

चौथ्या महिन्यात त्या डोंगरावर हिरवे केस उगवले. त्याआधी तपकिरी थर येऊन गेला होता. नव्या पेटीत तो येतोच आणि बहुधा आपोआप जातो. हे हिरवे शेवाळ मात्र हटेना. मुलाने दात घासावयाच्या ब्रशाने दगड घासले, शेवाळ उपटून काढले आणि दर आठवड्याला निम्मे पाणी बदलण्याचा सपाटा लावला. निम्मे म्हणजे शंभर लिटर. त्यासाठी नळाचे चारशे लिटर. अकोल्याची तहान काटेपूर्णा धरणावर भागते. पण त्या उन्हाळ्यात त्यांच्या गल्लीत नळ पाच दिवसांआड येत होता. आजीचे माहेर दर्यापूर तालुक्यातले, भर खारपाणपट्ट्यातले. गोड्या पाण्याच्या एका घागरीसाठी लहानपणी तिने कोसभर पायपीट केलेली. ती आम्हांस म्हणाली, "फादर, समोरच्या गल्लीत बाया हंडे घेऊन उभ्या हायेत, अन् आमचा पोट्टा मासोयाले फिल्टरचं पानी पाजून रायला."

नातवाचेही म्हणणे होते. शेवाळ वाढले तर प्रवाळ गुदमरून मरतील. जीव घरी आणले, आता त्यांना मरू कसे द्यावयाचे? पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लौदातो सी' या परिपत्रात पिण्यायोग्य पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क ठरविला आहे, आणि त्याच पत्रात क्षुद्र जीवांचेही मोल सांगितले आहे. तेथूनही एकाच्याच बाजूने निकाल देता येईना.

म्हणून आम्ही न्यायनिवाडा सोडून मुलाला एवढेच विचारले, माशांना खाऊ किती वेळा घालतोस? उत्तर आले, सकाळी तो स्वतः, दुपारी धाकटी बहीण, रात्री वडील. गोठविलेल्या कोळंबीचे तुकडे, तेही वितळलेल्या पाण्यासकट.

रोगाचे मूळ तेथे होते. माशांनी खाल्लेले विष्ठेतून उतरते, न खाल्लेले तळाशी कुजते. दोहोंतून नायट्रेट आणि फॉस्फेट ही द्रव्ये पाण्यात साचतात आणि तेच शेवाळाचे खत. कपाशीला खत टाकून तण का वाढले असे विचारण्यासारखेच हे. ब्रशाने घासले की शेवाळाचे तुकडे पेटीभर पसरतात. औषध ओतून मारले, तर मेलेले शेवाळ कुजून आपले खत पाण्याला परत करते. गहू आणि निदण यांचा दाखला येथे आणण्याचा मोह आम्हांस झालाच. पण तो लागू पडत नाही. तेथे निदण शत्रूने रात्री येऊन पेरले होते. येथे घरधनीच दिवसातून तीनदा पेरत होता, आणि तेही मायेने.

प्रवाळांची गोष्ट मोठी विलक्षण आहे. ज्या उष्ण, नितळ समुद्रात ते वाढतात तेथील पाणी खताच्या दृष्टीने जवळजवळ वाळवंट असते. शिवाय बहुतेक प्रवाळ स्वतःच शेवाळावर जगतात: त्यांच्या देहात सूक्ष्म शैवाल राहते, उजेडावर अन्न तयार करते आणि यजमानाला देते. तेव्हा शेवाळ हा शत्रू नव्हे. ते कोठे आणि किती, एवढाच प्रश्न. जमैकाच्या किनाऱ्यावर माणसांनी शेवाळ खाणारे मासे आधीच उपसले होते. १९८० साली वादळाने प्रवाळ मोडले. १९८३-८४ मध्ये, शेवाळ चरणारे सी-अर्चिन नावाचे काटेरी जीव साथीने मेले. मग शेवाळ माजले आणि १९७० च्या दशकात निम्म्याहून अधिक तळ झाकणारे प्रवाळ १९९० च्या दशकाच्या आरंभी पाच टक्क्यांच्याही खाली आले.

अकोल्यातील उपाय साधा होता, पण चिकाटीचा. खाऊ दिवसातून एकदा, चिमूटभर, आणि कोळंबी गाळणीत धुऊन. दिवा बारा तासांऐवजी आठ तास. शेवाळ चरणाऱ्या चार गोगलगायी. मागच्या कप्प्यात केटोमॉर्फा नावाच्या दुसऱ्या शेवाळाचा गुंता ठेवून त्यावर रात्री दिवा. तो पाण्यातले खत खाऊन वाढतो आणि मूठभर उपटून फेकला की खतही पेटीबाहेर जाते. मे महिन्यात रोज तीन-चार लिटर पाणी उडून जाई. क्षार मात्र मागेच राहतात, म्हणून भर घालावयाची ती बिनमिठाच्या शुद्ध पाण्याचीच. पाणी बदलावयाचे ते पंधरवड्याला वीस लिटर. यंत्राने टाकलेले पाणी आता बादलीत धरतात आणि फरशी पुसण्यास, संडासात ओतण्यास वापरतात. झाडांना ते घालू नये, त्यात क्षार अधिक असतात.

हिरवे केस विरळ व्हावयास तीन महिने लागले. दुसऱ्या महिन्यात काही फरक दिसेना, तेव्हा मुलगा औषधाची बाटली आणावयास निघाला होता. आजीनेच त्याला थांबविले. माशांच्या खाऊची डबी आता तिच्या ताब्यात आहे. ती सायंकाळच्या रोझरीनंतर डबी उघडते, चिमूट टाकते आणि झाकण घट्ट लावून फळीवर ठेवते. धाकटी कितीही रडली तरी दुसरी चिमूट मिळत नाही. टँकरवर पाणी आणण्याची वेळ आली तर पेटी मोडावयाची की नाही, यावर मात्र आजी आणि नातू यांचे अजून एकमत झालेले नाही.