वेटोळ्यास लेप कोणता द्यावा?

गेल्या मृगापासून आमच्या घरीं एकाच प्रश्नाचा काथ्याकूट चालला आहे. टेस्लाच्या वेटोळ्याच्या दुय्यम गुंडाळीवर लेप द्यावयाचा तो कशाचा? ह्या मासिकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांस हा प्रश्न केवळ छांदिष्टाचा वाटेल. सारा जन्म शब्दरूपें घोकून घेण्यांत गेलेल्या शाळामास्तरास वार्निशाशीं काय कर्तव्य, असेंही कोणी विचारील. परंतु आमची नात विद्युत्-शास्त्राच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षांत आहे. तिनें हें यंत्र घरीं करावयास घेतलें, आणि तिच्या तारेचें दुसरें टोक धरावयास घरांत रिकामा असा मनुष्य एक आम्हीच होतों.

यंत्राची मूळ कल्पना निकोला टेस्ला ह्या संशोधकाची, १८९१ सालची. जाड तांब्याचे पांचदहा वेढे असलेलें एक वेटोळें खालीं, आणि बारीक तारेचे हजारभर वेढे असलेलें दुसरें त्याच्या मध्यें उभें. खालच्या वेटोळ्यांत कंडेन्सरमधून विजेचे झटके सोडले, आणि दोहोंचा ताल जुळला, म्हणजे झोपाळ्यास नेमक्या क्षणीं दिलेल्या लहान लहान धक्क्यांनीं झोका आढ्यास टेकावा तसा वरच्या वेटोळ्यांतील दाब चढत जातो, आणि माथ्यावरच्या धातूच्या कड्यापासून हवेंत ठिणग्यांच्या जिभा निघूं लागतात. आमच्या वेटोळ्याचें नळकांडें म्हणजे बाजारांत मिळणारा ११० मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसीचा पाइप. त्यावर २६ नंबरची इनॅमल केलेली तार वेढ्यास वेढा भिडवून अर्धा मीटर उंचीपर्यंत गुंडाळली. वेढे सुमारें हजार, तार सुमारें ३४५ मीटर, तांबें अर्धा किलो. नात पाइप फिरवी, आम्ही हातांत सुती मोजा घालून तार ताणून धरीत असूं; शंभर वेढे झाले कीं एक चिंचोका वाटींत टाकावयाचा. तीन संध्याकाळ हें काम चाललें. एक वेढा दुसऱ्यावर चढला कीं तेथपर्यंत उलगडून पुन्हां आरंभ. इतक्या कष्टाच्या वस्तूवर भलताच लेप बसला तर तो खरवडून काढतां येत नाहीं. तारेसकट सारें टाकूनच द्यावें लागतें. म्हणून हा काथ्याकूट.

लेप म्हणजे विजेस कोंडून धरणारी भिंत, अशी सामान्यतः समजूत असते. ती हिशेबास टिकत नाहीं. समजा, वेटोळ्याच्या दोन टोकांमध्यें दोन लाख व्होल्टांचा दाब आहे. वेढे हजार असल्यामुळें शेजारच्या दोन वेढ्यांमध्यें वांट्यास आले सरासरी दोनशें व्होल्ट. आणि तारेवर कारखान्यांत चढविलेलें इनॅमल तर हजारांनीं व्होल्ट सोसतें. मग लेपाचें काम उरलें कोणतें? पहिलें, वेढे जागच्या जागीं घट्ट धरणें. दुसरें, ओल आणि धूळ बाहेर ठेवणें. खालच्या वेटोळ्यापासून ठिणगी वरच्याच्या अंगावरून सरपटत जाते, हा दोष पुष्कळ वेटोळ्यांत दिसतो. पण त्यासाठीं लेप जाड करीत बसणें व्यर्थ. दोन वेटोळीं एकमेकांत फार गुंतलीं म्हणजे असें होतें. दुय्यम वेटोळें चार बोटें वर उचलावें, हाच त्यावर खरा उपाय.

मुख्य शत्रु पाणी. ह्या यंत्रांत वीज सेकंदास दोन लाखांहून अधिक वेळां उलटसुलट हेलावते. अशा हेलकाव्यांत दमट पदार्थ शक्ति शोषून घेतो, तापतो, आणि ठिणगी आंखूड होते. दुसरा शत्रु लेपाखालीं अडकलेला हवेचा बुडबुडा. घन पदार्थ जो दाब सहज सोसतो त्यानें बुडबुड्यांतली हवा फुटते, आंतल्या आंत बारीक ठिणग्या उडतात आणि लेप पोखरला जातो. स्वतः टेस्ला आपलीं वेटोळीं तेलांत बुडवीत असे, आणि आंत हवा राहूं नये ह्यावर त्याचा कटाक्ष होता. ज्या पनवेलांत पावसाळ्यांत शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, चपला दाराआड एका रात्रींत बुरसतात आणि मिठाच्या बरणींत पाणी सुटतें, तेथें हें वर्म फार महत्त्वाचें आहे.

आमचें मन उघडच लाखेकडे झुकलें. जतु, लाक्षा हीं तिचीं संस्कृत नांवें; वारणावतांत पांडवांसाठीं उभारलेलें जतुगृह कोणास ठाऊक नाहीं? पळस, बोर, कोशिंब ह्या झाडांच्या कोवळ्या डहाळ्यांवर बसणाऱ्या इवल्या किड्याच्या अंगांतून ही राळ पाझरते. आमच्याच गांवांत १८७२ पासून धूतपापेश्वरांचा औषधांचा कारखाना असल्यामुळें लाक्षादि गुग्गुळाचें नांव आम्हांस लहानपणापासून परिचयाचें. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या लाखेच्या. सावंतवाडीच्या लाकडी कामावरची झळाळी लाखेची. विजेच्या व्यवहारांतही तिचा मान एके काळीं एवढा होता कीं, बेकलंडनें १९०७ सालीं बेकेलाइट शोधून काढलें तें लाखेस पर्याय धुंडाळतांनाच. आणि रांचीजवळ नामकुम येथें १९२४ सालीं केवळ लाखेच्या अभ्यासासाठीं संशोधनसंस्था निघाली. शिवाय लाखेचा एक मोठा गुण असा कीं, ती स्पिरिटांत विरघळते. लेप बिघडला तर बोळ्यानें पुसावा आणि पुन्हां द्यावा.

नातीचा पक्ष इपॉक्सीचा. दोन बाटल्यांतले दोन द्रव मिसळले कीं कांचेसारखा कठीण, पारदर्शक थर तयार. "आजोबा, लाख पाणी पिते. तुमच्या सुताराला विचारा, पावसांत तो पॉलिशला हात तरी लावतो का?" असें ती म्हणाली. प्रश्न निरुत्तर करणारा होता. पण निरुत्तर होणें आणि पटणें ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत, हें आम्हीं वर्गांत इतक्या वेळां पाहिलें आहे कीं आम्ही स्वस्थ बसलों.

तिसरें मत मोटारींचें रिवाइंडिंग करणाऱ्या आमच्या ओळखीच्या मिस्त्रींचें. तार त्यांच्याकडूनच आणलेली. आम्हीं त्यांचें मोटारीचें वार्निश मागितलें, तर ते म्हणाले, "मास्तर, देतो कीं, पण हें भट्टींत भाजावं लागतं. लोखंडाला चालतं, तुमचा पाइप मऊ होऊन केळ्यासारखा वांकेल." आणि खरेंच; पीव्हीसी ऐंशी अंशांच्या आंतच नरम पडूं लागतें. हवेवर वाळणारें वार्निशही असतें, तें त्यांनीं दाखविलें. पण तें तांबड्या रंगाचें. "बिनरंगाचं घ्या, आणि काळा रंग तर चुकूनही नको, त्यांत काजळी असते," हा त्यांचा शेवटचा सल्ला. काजळी म्हणजे कोळसा, आणि कोळसा म्हणजे विजेस वाट. पुस्तकांतून जें दहा पानांत निघालें नसतें तें ह्या गृहस्थांनीं दुकानाच्या पायरीवर दोन वाक्यांत सांगितलें.

तोंडी वादानें निकाल लागेना तेव्हां नातीनें पाइपचे वीत-वीत लांबीचे चार तुकडे कापले आणि प्रत्येकावर एक सोडून दोन तारा शेजारीं शेजारीं गुंडाळल्या, म्हणजे त्या दोहोंमध्यें मेगर लावून ओल किती शिरली तें कळावें. एकावर लाख. एकावर पातळ केलेलें पॉलियुरेथेनचें वार्निश, जें हल्लीं सुतार लाकडावर लावतात. दोहोंवर इपॉक्सी, पैकीं एक तुकडा दिव्याच्या उबेस चांगला वाळवून, आणि दुसरा मुद्दाम ओसरीवरून उचलला तसाच. श्रावणाच्या आरंभीं हें सारें झालें आणि चारही तुकडे माजघराच्या आढ्यास टांगले.

लाखेचा निकाल त्याच सायंकाळीं लागला. पावसाची झड चालू होती. लेप वाळतां वाळतां दुधासारखा पांढरा पडला. स्पिरिट उडून जातांना पृष्ठभाग गार होतो, आणि हवेंतली वाफ त्यावर जमून थरांत शिरते. तीन आठवड्यांनीं मिस्त्रींनीं मेगर लावला तेव्हां ह्याच तुकड्याचा कांटा सर्वांत खालीं आला. वाळवलेल्या तुकड्यावरची इपॉक्सी कणखर निघाली. वर तेलकट साय धरली होती ती कोमट पाण्यानें पुसली गेली. न वाळवलेल्या तुकड्यावर मात्र वेढ्यांच्या खांचांतून बुडबुड्यांची माळच उठली होती. पॉलियुरेथेन वाळावयास फार दिवस लागले, पण कांटा जवळजवळ हालला नाहीं.

ह्यावरून आम्हां दोघांचें एवढ्यावर एकमत झालें कीं, लेप कोणता ह्यापेक्षां लेपाखालीं काय राहिलें हें अधिक मोलाचें. इपॉक्सी उत्तम खरी. परंतु ती एकदां बसली कीं बसली, आणि वाळेपर्यंत वेटोळें आडवें धरून सतत फिरवीत न राहिल्यास एका बाजूस ओघळते. पॉलियुरेथेनचे पातळ थर चारपांच, प्रत्येकामध्यें निदान एक दिवस, हें घरगुती हातांस अधिक झेपणारें. लाख यंत्राच्या लाकडी बैठकीस. तेथें ती शोभेल आणि तिचें कांहीं बिघडणार नाहीं.

खरी अडचण निराळीच उभी राहिली. कॉलेजांतलें प्रदर्शन भाद्रपदांत. तोंवर पाऊस हटत नाहीं, आणि ओल्या हवेंत थर धड वाळत नाहीं. नातीच्या वर्गांतल्या दुसऱ्या कोणाकडे असें यंत्र नव्हतें. पहिलें बक्षीस जवळजवळ हातांत होतें. लेपावांचून वेटोळें तसेंच न्यावें, असाही विचार निघाला. शास्त्रतः तें चाललें असतें, कारण इनॅमल आहेच. पण भर पावसांत, गाडीच्या गर्दींतून नेतांना एक वेढा जरी सरकला तरी तीन संध्याकाळ वायां. निर्णय आम्हीं तिच्यावर सोपविला. तिनें दोन दिवस आमच्याशीं धड भाषण केलें नाहीं, आणि तिसऱ्या दिवशीं प्रदर्शनाच्या यादींतून आपलें नांव काढून घेतलें.

सध्यां वेटोळें कपाटांत उभें आहे. खालीं चाळीस वॉटचा जुन्या धर्तीचा दिवा, वर हवा जावयास दोन भोकें. दिव्याची ऊब हातास सोसेल एवढीच असावी, हें आम्ही रोज हात घालून पाहतों. दसरा उलटल्यावर ऊन कडक झालें म्हणजे पहिला हात द्यावयाचा. तोही उघड्या अंगणांत, कारण ह्या वार्निशाची वाफ डोक्यांत जाते आणि पेटही घेते. सर्व थर पुरे वाळून वास जाईपर्यंत वीज जोडावयाची नाहीं. आणि जोडावयाची ती तिच्या प्राध्यापकांच्या समोरच, कारण माथ्यावरच्या ठिणग्या दिसावयास भयंकर असल्या तरी खरोखर जीव घेणारी वीज खालच्या कंडेन्सरांत दडलेली असते. ज्यांच्या छातींत पेसमेकर बसविला आहे अशा आमच्या एका वृद्ध मित्रांस त्या दिवशीं निमंत्रण नाहीं, हें आम्हीं आतांच कळवून ठेविलें आहे. ते थोडे रागावले आहेत. नातीनें चार कुंचले आणून ठेवले, आणि त्यांपैकीं एकावर आमचें नांव घातलें आहे.