न चिकटणारा गोंद

बी.कॉम. झालो आणि बँकेत चिकटलो, त्याला यंदा २२ वर्षं झाली. असा चिकटलो, की बढतीचं वारं आलं तरी हललो नाही. त्यामुळे धड न चिकटणाऱ्या वस्तूंबद्दल मला फार आदर. उदाहरणार्थ, टेबलावरची ती पिवळी चिठ्ठी.

तिची कथा मोठी गमतीची. अमेरिकेतल्या थ्री एम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर नावाचे संशोधक होते. १९६८ साली करायला गेले जबरदस्त गोंद आणि झाला कसा, तर कागदाला धरणारा, पण ओढला की सोडणारा! आमच्याकडे मेमोच मिळाला असता. हे गृहस्थ मात्र कंपनीभर व्याख्यानं देत राहिले : बघा हो, याचं काही करता येतंय का? उत्तर हातात, प्रश्नाचा पत्ता नाही!

प्रश्न होता त्याच कंपनीत, नवी उत्पादनं काढणाऱ्या आर्ट फ्राय यांच्याकडे. ते चर्चमध्ये गात, आणि गाण्यांच्या पुस्तकात खुणेला घातलेल्या चिठ्ठ्या ऐन वेळी गळून पडत. १९७४ साली त्यांना सिल्व्हरसाहेबांचं व्याख्यान आठवलं. पुढे १९८० साली त्या चिठ्ठ्या अमेरिकाभर विकायला आल्या. म्हणजे एकाच कंपनीतल्या उत्तराची प्रश्नाशी गाठ पडायला सहा वर्षं! मी यथेच्छ हसलो.

मग नोव्हेंबर उजाडला. पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यांचा महिना. यंत्रावर बोट टेकवायचं. पण जन्मभर भांडी घासून झिजलेलं, कोरडं बोट यंत्र ओळखत नाही. मी ते आधी ओल्या रुमालानं पुसायला सांगतो. पुष्कळदा काम होतं. हा माझा शोध, चार वर्षांपूर्वीचा.

त्या दिवशी शेजारच्या खिडकीवरून एक आजी परत निघाल्या होत्या. तिसरी खेप. डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, "मी जिवंत आहे रे बाळा, त्या यंत्राला सांग की!"

मी उठून रुमाल भिजवून दिला. दाखला झाला. अण्णा खिडकीतून माझ्याकडे बघतच राहिले.

"चार वर्षं बोलला नाहीस?"

"तुम्ही विचारलंच नाहीत!"

बोललो खरा, पण जीभ चावली. आमच्या दोन खुर्च्यांत अंतर अडीच फूट. आजवर किती आजी परत गेल्या असतील, याचा हिशेब कुठल्याच लेजरात नाही.

संध्याकाळी अण्णांच्या यंत्रावर पिवळी चिठ्ठी लावून आलो : 'आधी ओला रुमाल.'

सकाळी पाहतो तर अण्णांनी तिला चारही बाजूंनी सेलोटेप मारली होती.