पाणी कुठं अडलंय?

इंजिन तापलं तर त्याला कारण असतं. ते शोधलं तर हाताला लागतं. आपल्याकडं मात्र कारण शोधायच्या आधी माणूस शोधतात. बिघाड कुठं आहे हे कळलेलं नसतं, पण तो कुणाच्या माथी मारायचा हे ठरलेलं असतं.

छावणीत डिझेल इंजिनं खोलण्यात माझी वीस-बावीस वर्षं गेली. विहिरीवरची, मळणीयंत्राची, जनरेटरची. बोटीचं इंजिन आमच्याकडं क्वचित. इथं कुठला समुद्र? पण पन्नास किलोमीटरवर पैठण आहे, जायकवाडीचं धरण आहे. १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी पाया घातला, १९७६ ला इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं. त्या पाण्याखाली गावंच्या गावं गेली. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांना मोबदल्यासाठी भांडता तरी आलं. ज्यांच्या नावावर गुंठाही नव्हता ते नुसतेच उठले. अशाच एका उठलेल्या घरातला नातू त्या पाण्यावर बोट चालवायचा. आयटीआय झालेला, डिझेल मेकॅनिक.

एक दिवस त्याचा फोन आला. "दादा, मालक म्हनतो इंजिन म्या जाळलं. पगार कापलाय."

मी गेलो. मालक म्हणाला, "ही सवलतीतली पोरं. ह्यांना मशीन काय कळणार? काठाला मी चालवतो तर बरोबर चालतं. ह्याच्या हातात गेलं की तापतं." इंजिनाला लिंबू-मिरची बांधलेली होती. नारळ फोडून झाला होता. लिंबाचा पगार काही कुणी कापला नव्हता.

पोरानं करायचं ते सगळं नीट केलं होतं. काटा चढताना दिसला तशी रेस उतरवली आणि मागं वाकून बघितलं. ह्या बोटीचं इंजिन तळ्याचंच पाणी खेचतं, अंगातून फिरवतं आणि धुराबरोबर मागं सोडतं. मागं पाणी पडतंय का, किती पडतंय, हे पहिलं बघायचं. पडत होतं ते म्हाताऱ्याच्या लघवीसारखं. त्यानं इंजिन बंद केलं, बोट वल्ह्यानं काठाला आणली. गरम असताना कुठलंही झाकण उघडलं नाही, वाफेनं तोंड भाजतं. वरून गार पाणी ओतलं नाही, बिडाचं हेड तडकतं. हे त्याला कुणी शिकवलं? त्याच सवलतीतल्या आयटीआयनं.

मग दोघं मिळून पाण्याच्या वाटेनं निघालो. आधी जाळी. तिच्यात शेवाळ आणि माशाच्या जाळ्याचा दोरा निघाला. साफ केली, तरी आत जाऊन पुन्हा तापलं. पंप खोलला. रबरी इंपेलरच्या पाकळ्या मोजल्या, सगळ्या शाबूत. एखादी तुटलेली असती तर तिचा तुकडा पुढं नळीत अडकलेला शोधावा लागला असता. पट्टा ताठ. थर्मोस्टॅट दोरीला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडला आणि स्टो पेटवला. उकळी यायच्या आत उघडला. ऑइल दुधाळ झालेलं नव्हतं, म्हणजे त्यात पाणी उतरलेलं नाही. पंख्याला दोर गुंडाळलेला नव्हता.

राहिला जाळीपासून पंपापर्यंतचा होज पाइप. वरून काळाकुळकुळीत, नव्यासारखा. चिरीसुद्धा नाही. दाबला तर एका जागी मऊ लागला. ब्लेडनं मालकासमोर उभा चिरला. आतला रबराचा पापुद्रा सुटून जिभेसारखा लोंबत होता. हळू रेसला त्याच्या बाजूनं पाणी जायचं. रेस वाढवली की पंपाच्या ओढीनं तो आत खेचला जायचा आणि वाट बंद. म्हणून काठाला इंजिन थंड आणि मधोमध गेलं की गरम. पोराच्या हाताचा त्यात काय संबंध?

मालकानं तुकडा उलटा-सुलटा केला. "असं पण होतं व्हय?" म्हणाला. पोरगा तिथंच बोलला, "मग माझे कापलेले पैसे?" पैसे आठ दिवसांनी मिळाले. 'चुकलं' हा शब्द अजून मिळायचाय.

दोस्तांनो, असा पाइप आपल्या ओळखीचा आहे. १९२३ ला मुंबई कायदे कौन्सिलात बोले ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ ला महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. वरून सगळं ठीकठाक. पाणी मात्र आपल्या ओंजळीत येत नव्हतं, कारण आत माणसं आडवी होती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब माणसं घेऊन त्या तळ्यावर गेले आणि पाण्यात हात घातला. ठराव खरा की खोटा, त्याची ती तपासणीच होती. तेच बाबासाहेब १९४२ ला व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना सरकारला दिलेल्या निवेदनात आपल्या पोरांसाठी तांत्रिक शिक्षण मागतात. का मागतात? ज्याला वाट कळते त्याच्या माथी कुणी काहीही मारू शकत नाही.

शिष्यवृत्ती थकली की आपण घोषणा देतो. द्याव्यातच. पण त्याबरोबर पाण्याच्या वाटेनंही चला. अर्ज कॉलेजात अडलाय, समाजकल्याणच्या कचेरीत, की बँकेत? कुठल्या टेबलावर, कुठल्या तारखेपासून? एकेक सांधा दाबून बघा. जो वरून चकचकीत आहे तो आधी चिरा. आणि चिरताना चार माणसं समोर उभी करा.

आपली पोरं तापतात, तापणारच. त्यांना 'थंड घ्या' म्हणणारे गल्लोगल्ली भेटतील. त्यांना एकच विचारा, पाणी कुठं अडवलंय?