तेंदूच्या फळीवर

मे महिन्यात चंद्रपूर-गडचिरोलीकडे जाल तर पहाटे ४ लाच निघा. तिकडची माणसे तेव्हाच जंगलात शिरतात. टेंभुर्णीची कोवळी पाने खुडायची, ९-१० पर्यंत परतायचे, मग अख्खे घर सावलीत बसून ७०-७० पानांची पुडकी बांधते. इथवर शहाणपणच आहे. पण मजुरी शेकड्यावर, म्हणून कुणी ऊन चढले तरी खुडतच राहतो.

खरी दुपार फळीवर. उघड्या मैदानात रांगांनी पुडकी वाळत घातलेली, ती उलटायला माणसे. पारा ४५-४६ अंशांवर आणि सावलीचा मागमूस नाही.

डोके दुखले, मळमळले, पायांत गोळे आले की तिथेच काम सोडावे. गडी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, तर मात्र तो उष्माघातच समजा. अंग घामाने ओले आहे म्हणून फसू नका. कष्टकऱ्याला उष्माघातातही घाम सुटलेला असतो. सावलीत न्या, अंगभर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला कळवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. गाडी येईतो पाणी ओतणे थांबवू नका. खिशातला कांदा बिचारा इथे काही करीत नाही!

नवखा गडी आधी पडतो. अंगाला ऊन सोसायला आठ-पंधरा दिवस लागतात. ज्या फळीवर मांडव दिसेल आणि मडक्यात लिटरला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ घातलेले पाणी असेल, तिथला मुकादम जाणता.