टाकीचं झाकण

१९८१ सालची गोष्ट. आमच्या विहिरीवर तेव्हा वीज नव्हती. आण्णांनी एक खोंड विकून जुनं इंजिन घेतलं होतं. आधी पेट्रोलवर चालू करायचं, तापलं की कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायचं. रॉकेल रेशनवर, तेही रांगेत उभं राहून आणायचं.

दहावी होऊन मी शेतीत पडलो होतो. शिकलेला म्हणून इंजिन माझ्या ताब्यात. खंडेनवमीच्या पूजेसाठी मी ते धुऊन-पुसून काढलं आणि रॉकेलच्या टाकीला झाकणासकट हिरवा ऑइलपेंट मारला. पेट्रोलच्या छोट्या टाकीचं झाकण पितळी, ते चिंचेनं घासलं. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. आण्णा खूश.

पाऊसकाळ चांगला झालेला, त्यामुळं इंजिनाची गरज पडली ती एकदम डिसेंबरात. गहू २१ दिवसांचा झाला होता. या वेळच्या पाण्यावर मुकुटमुळं धरतात, ते चुकलं तर फुटवा कमी.

पेट्रोलवर इंजिन झकास लागलं. रॉकेलवर घेतल्यावर १५ मिनिटं बरं चाललं आणि मग आचके द्यायला लागलं. मधेच फटफट, मधेच गप. पाटातलं पाणी वाफ्यापर्यंत पोचायच्या आत बंद. झाकण उघडून बघितलं, रॉकेल होतं. हँडल मारलं तर पुन्हा चालू. १५ मिनिटांनी परत तेच.

मी प्लग काढला. काजळी धरली होती, ती पॉलिश पेपरनं घासली. प्लग इंजिनाच्या अंगाला टेकवून बघितला तर ठिणगी निळी, जोरदार. मॅग्नेटोचे पॉइंट पुसले. कार्बोरेटर उघडून जेट फुंकलं. फरक नाही. पेट्रोलवर चालतं, रॉकेलवर मरतं, म्हणजे खोट रॉकेलात. हे मी मोठ्या हुशारीनं ठरवलं.

रॉकेल आणायचे आमचे सालगडी. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. चार माणसांदेखत मी विचारलं, “मामा, रॉकेलात पाणी कुणी घातलं? आणि तेवढं रॉकेल गेलं कुठं?”

मामांनी हातातलं फावडं विहिरीच्या कठड्याला टेकवलं. मला काहीच बोलले नाहीत. आण्णांना म्हणाले, “मालक, माझा हिसाब करा.” पाडव्याला साल पुरं व्हायला चार महिने होते. घोंगडी खांद्यावर टाकून ते निघून गेले.

तिसऱ्या दिवशी इंजिन पुन्हा आचके द्यायला लागलं. चिडून मी ते चालू असतानाच टाकीचं झाकण फिरवलं. फस्सकन हवा आत गेली आणि मरायला टेकलेलं इंजिन जागच्या जागी सुधारलं. झाकण उलटंपालटं करून बघितलं. मधोमध हवेसाठी बारीक भोक असतं, ते माझ्या हिरव्या रंगानं बुजलं होतं. हवा आत जात नव्हती, म्हणून रॉकेल खाली उतरत नव्हतं. आम्ही दर वेळी झाकण उघडून बघायचो, म्हणूनच ते पुन्हा चालू व्हायचं. पितळी झाकणाला रंग नव्हता, म्हणून पेट्रोलवर काही अडत नव्हतं.

दाभणानं भोक मोकळं केलं. दिवस मावळेपर्यंत इंजिन एका लयीत चाललं. आण्णा बांधावर बसून होते. म्हणाले, “पाणी मी बघतो. तू जा, त्याला आण.”

मी गेलो. मामा दुसऱ्याच्या उसाच्या तोडीवर होते. झालेलं सगळं सांगितलं, पाया पडलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “गव्हाला पानी बसलं का?” बसलं म्हणालो. “बरं झालं,” म्हणाले आणि कोयता उचलला. आमच्याकडं ते पुन्हा कामाला आले नाहीत.

आता पोराचा ट्रॅक्टर आहे, डिझेलचा. तो धक्के खायला लागला की पोरगं मिस्त्रीला फोन लावतं. मी म्हणतो, “आधी टाकीचं झाकण सैल करून बघ.” पोरगं हसतं. दर वेळी तेच का सांगतो, हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. आता इथं वाचील.