ड्रोनला कान नसतात

छोट्या ड्रोनने काढलेल्या व्हिडिओत आवाज नसतो. रीलमध्ये डोंगरावरून तरंगत जाणारा शॉट बघताना तुम्हाला वारा ऐकू येतो, पाखरं ऐकू येतात, ते सगळं मागाहून जोडलेलं असतं. कारण साधं आहे. चार पंख्यांची घरघर इतकी जवळ असते की माइक बसवला तरी त्यात दुसरं काही येणार नाही, म्हणून छोट्या ड्रोनला बहुधा माइक नसतोच. ड्रोन घेतला तेव्हा हे मला माहीत होतं. त्यात काही अडचण आहे असं वाटलं नव्हतं, कारण तोवर मी व्हिडिओ फक्त दिसणाऱ्या माणसांसाठी करत होतो.

मी पुण्यात बॅकएंडचं काम करतो. गाव वणी, तालुका दिंडोरी. बाहेरचे लोक 'वणीची देवी' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात सप्तशृंगगड असतो. गड खरं तर कळवण तालुक्यात, नांदुरीच्या वर. आमच्या गावात जगदंबेचं देऊळ आहे. आजी दोन्हीकडे जायची. आता काचबिंदूने तिची नजर गेली आहे, उजेड-अंधार तेवढा कळतो. गुडघेही बोलतात. गडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, पाच मिनिटांत वर नेते. पण आजी ट्रॉलीचं नाव काढू देत नाही. "बसून गेले तर गड कुठं चढले?" एवढंच म्हणते. पाचशेच्या आसपास पायऱ्या तिने किती वेळा चढल्यात, याचा हिशोब घरात कुणाकडे नाही.

ड्रोन शिकण्याची सुरुवात नियमांपासून झाली. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' गटात मोडतो आणि तो उडवायला वैमानिकाचा परवाना लागत नाही. पण म्हणून कुठेही उडवता येतो असं नाही. हिरव्या क्षेत्रात १२० मीटर, म्हणजे ४०० फुटांची मर्यादा असते. आमच्या बाजूला ओझरचा विमानतळ आहे, त्यामुळे 'डिजिटल स्काय'चा नकाशा दर वेळी उघडून बघतो. यात्रेत आणि गर्दीवर उडवायचा नाही, हे तर नियमाआधी अकलेचं काम.

मग भौतिकशास्त्र. स्क्रीनवर दिसणारी उंची ही जिथून उड्डाण केलं तिथपासूनची असते. समोरचा डोंगर किती उंच आहे हे त्या आकड्याला ठाऊक नसतं. म्हणून 'घरी परत ये' ही आज्ञा किती उंचीवरून पाळायची, ते उडवण्याआधीच भरून ठेवायचं. कड्याजवळ वारा अचानक वर उसळतो किंवा खाली दाबतो, तेव्हा कड्यापासून लांब राहायचं. सेकंदाला २५ फ्रेम घेत असाल तर शटर १/५० च्या आसपास ठेवायचं, नाहीतर हालचाल तुटक दिसते. भर उन्हात त्यासाठी लेन्सवर काळी काच, म्हणजे एनडी फिल्टर लावावा लागतो. आणि सगळ्यात अवघड गोष्ट: अंगठा स्थिर ठेवून दहा सेकंद काहीही न करणं.

मी नांदुरीजवळ एका नातेवाइकाच्या द्राक्षबागेच्या बांधावरून उडवायचो. तिथून १२० मीटर वर गेलं तरी शिखरं अजून वरच राहतात. सुरुवातीला याची चिडचिड व्हायची. पुढे फुटेज बघताना लक्षात आलं की आमच्या भागातला प्रत्येक माणूस गडाकडे असाच, खालून बघत मोठा झालाय. कॅमेराही मान वर करूनच बघत होता, फक्त जरा उंचावरून.

त्या शिखराबद्दल मित्र नेहमी एक सुचवायचे. चैत्रात आणि नवरात्रात शिखरावर कीर्तिध्वज लागतो. तो मान दरेगावच्या गवळी घराण्याकडे आहे. ध्वज घेऊन माणूस रात्री वर जातो आणि ती वाट त्या घराण्यालाच ठाऊक, असं गडावर सांगतात. "ड्रोनने ती वाट शोध, व्हिडिओ कुठल्या कुठे जाईल," असं मला तिघांनी तरी सांगितलं. व्हिडिओ गेलाही असता. पण ज्या वाटेला पाहणारे हजारो आणि जाणारा एक, तिथे माझ्या कॅमेऱ्याला कुणी बोलावलं नव्हतं. मी लांबून कडा घेतला, वाट घेतली नाही.

तीन मिनिटांचा व्हिडिओ तयार झाला. द्राक्षांच्या रांगा, घाटाची वळणं, ढगांतून निघणारी सात शिखरं. संगीत फुकट मिळणाऱ्या लायब्ररीतलं, पियानो आणि मग ढोल. घरी सगळ्यांनी वाहवा केली. आजीने फोन कानाला लावून शेवटपर्यंत ऐकला आणि विचारलं, "कुणाच्या लग्नातलं हाये रे हे?"

"गड आहे आजी."

"गडावर असं कुठं वाजतं?"

त्या तीन मिनिटांत तिच्यासाठी खरंच काहीच नव्हतं. देवीची मान एका बाजूला किंचित कललेली आहे. समोरच्या मार्कंडेय डोंगरावरून मार्कंडेय ऋषी सप्तशती म्हणायचे, ती ऐकायला देवीने मान वळवली, असं सांगतात. गोष्ट लहानपणापासून माहीत होती. आता तिच्यात मला एक वेगळंच दिसलं: मधे एवढी दरी, आणि देवी बघत नाहीये, ऐकतेय.

पुढच्या सुट्टीत ड्रोन घरी ठेवला. फोनला छोटा कॉलर माइक लावला, वाऱ्यासाठी त्याच्यावर केसाळ टोपी चढवली आणि पायऱ्या चढलो. नारळवाल्यांच्या हाका, माकडांची पळापळ, कुणाच्या तरी पोराचं रडणं, "अंबे माते की जय", स्वतःची धाप, वरून येणारी घंटा. जिथला आवाज तिथल्याच चित्राला लावायचा, एवढा एक नियम केला. एडिटिंगमध्ये जे-कट नावाची युक्ती असते, चित्र बदलण्याआधी पुढच्या दृश्याचा आवाज सुरू करायचा. देऊळ दिसण्याआधी घंटा ऐकू येते. पायऱ्या चढणाऱ्याला गड असाच भेटतो. ही युक्ती मी ट्यूटोरियलमध्ये कित्येकदा पाहिली होती, पण ती का आहे हे चढताना कळलं.

नव्या व्हिडिओत चढण चाळीस सेकंदांची केली. बघणाऱ्यांना पुरते. आजीने ऐकलं आणि मधेच हात वर केला. "इतक्यात वर कसा पोचलास?" डोळ्यांना न जाणवणारा कट तिच्या कानांनी पकडला.

म्हणून आता दोन फाइली आहेत. एक सगळ्यांसाठी, तीन मिनिटांची, ड्रोनसकट. दुसरी आजीसाठी, एकतीस मिनिटांची, नुसता आवाज. तिला कात्री लावलेली नाही. मधे एके ठिकाणी मी दम खायला बसलो होतो, ते बसणंही तसंच ठेवलंय. दुपारी ती खाटेवर पडून ऐकते. ती जागा आली की तिची बोटं चादरीवर थांबतात. मग थोड्या वेळाने ती फोनकडे तोंड करून म्हणते, "बास झालं, ऊठ आता." आणि दोन-तीन सेकंदांत फोनमध्ये माझी पावलं पुन्हा वाजायला लागतात.