तरवडाचे फूल आणि तरवडाची साल

भुसावळहून मलकापूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर मुक्ताईनगर लागते. पूर्वीचे नाव एदलाबाद. जवळच कोथळीला संत मुक्ताबाईंचे मंदिर, चांगदेव येथे तापी-पूर्णेचा संगम आणि उत्तरेस सातपुड्याची रांग. नदीकाठची काळी जमीन केळी व कपाशीची. मुरमाड उतारावर मात्र पीक तग धरत नाही. अशा जागी पुरुषभर उंचीचे एक झुडूप पावसाळ्यानंतर पिवळ्या फुलांनी भरून जाते. ते तरवड.

तरवड शेंगवर्गातील. देठाशी कानाच्या पाळीसारखी गोल उपपर्णे असतात. लिनियसने 1753 मध्ये दिलेल्या शास्त्रीय नावात त्या कानाचाच उल्लेख आहे. अवर्षणात ते टिकते, गुरे सहसा त्याला तोंड लावीत नाहीत, मुळे उताराची माती धरून ठेवतात. वैद्यकात त्याचे पंचांग वापरतात. तेलंगणात बतुकम्मा सणात हेच फूल मांडतात. त्या राज्याचे ते राज्यपुष्पही आहे.

व्यापारात मात्र तरवडाला किंमत आली ती सालीमुळे. सालीत टॅनिन भरपूर असल्याने कातडी कमावण्यासाठी तिला मोठी मागणी होती. पुढे दक्षिण आफ्रिकेतील वॅटलची साल आणि क्रोमची पद्धत आली, तेव्हा ती मागणी ओसरली.

श्रावकासाठी येथे विचार करण्याजोगा प्रश्न आहे. पंधरा कर्मादानांतील दंतवाणिज्यात हस्तिदंताबरोबर कातड्याचाही समावेश परंपरेने केला जातो. सालीचा व्यापारी कातड्याला हात लावीत नाही. त्याच्या वहीत केवळ वनस्पतीची नोंद असते. तरीही माल कोठे जातो हे त्याला ठाऊक असते. साल सोलण्यासाठी फांद्या तोडाव्या लागतात, तो दोष निराळाच.

लेश्यांच्या दृष्टांतातील जांभळाचे झाड सर्वांना परिचित आहे. भूक सहा जणांची सारखीच. एक झाड मुळासकट उपटू पाहतो, तर सहावा खाली पडलेल्या फळांवर तृप्त होतो. तरवडापाशीही मूळ, साल, पाने, फुले, बिया घेणारे येतात. वस्तू एकच असली तरी ती किती, कशी आणि कोणासाठी घेतली, यावरून कर्म ठरते. हाच हिशेब आज रसायने, औषधी वनस्पती वा सौंदर्यप्रसाधनांच्या घाऊक व्यापारातही लागू पडतो. खरेदीच्या पावतीवर तो दिसत नाही; म्हणून सौदा करण्यापूर्वी मालाचा उगम आणि शेवट दोन्ही विचारून घ्यावेत.